पयले नाव, मंग गाव

चहाचा ग्लास हातात आला की तो आधी नखानं वाजवायचा. कानाजवळ नेऊन ऐकायचा आणि पसंत पडला तरच तोंडाला लावायचा. ब्रह्मपुरीच्या बस स्टँडसमोरच्या टपरीवाल्या भाऊंना हे पाठ झालं होतं.

"हा तडकला हाय भाऊ. दुसरा द्या."

"कुठी तडकला? मले तं दिसून नाई राह्यला."

"तुमाले दिसत नाई, मले आयकू येते."

भाऊ ग्लास बदलून द्यायचे आणि बाकीच्या गिऱ्हाइकांना सांगायचे, "डोक्यानं बराबर हाय जी तो. कानानं येडा हाय."

तो ग्लास दोन दिवसांनी खरंच फुटला, असं लिहिलं तर गोष्ट छान होईल. पण तसं काही व्हायचं नाही. ग्लास महिनोन्महिने टिकायचे. एवढं मात्र खरं, की तोच ग्लास पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच्या हातात आला तर तो ओळखून परत करायचा.

त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "गाणं असतं तं टाक म्हटलं असतं. हे तुह्यं लिव्हनं हाय. तुह्यं नाव टाक." वार करायचा तर असा, सरळ आणि एकदाच.

मी भामरागडकडचा. हेमलकशाच्या रस्त्यानं जाऊन मग आत चालत जावं लागतं, तिथला. आमच्या घरातच नाही, गावातही माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हे मी तेव्हाही मिरवून सांगायचो आणि आजही सांगतो. सहा वर्षांचा होतो तेव्हा आश्रमशाळेत गेलो, तिथून तालुक्याला, तिथून बी.ए. करायला ब्रह्मपुरीला. वसतिगृहात नंबर लागला नाही. वर्गातल्या एकानं सांगितलं, की बंद पडलेल्या राइस मिलच्या गोदामात एक रॅप गाणारा माणूस राहतो, त्याच्याकडे जागा आहे. गेलो.

तो माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. अंगात बनियन, गळ्यात हेडफोन, मिशी नाटकातल्या दुष्ट माणसाची. मी भाड्याचं विचारलं.

"भाडं येवढंच का मी रेकॉर्डिंग करतो तवा खोकलाचं नाई."

मग माझ्यापुढं माइक ठेवला. "पयले नाव, मंग गाव."

मी सांगितलं. त्यानं माझाच आवाज मला ऐकवला. "आयक. नाव मोठ्यानं घेतलं, गाव हळूच घेतलं. काऊन?"

मी म्हटलं, तसं काही नाही.

"हाय. मशीन खोटं नाई बोलत. परत घे."

सात वेळा घ्यायला लावलं. आठव्या वेळेस म्हणाला, "हां. आता गादी टाक तिकडं." त्या दिवसापासून तो मला 'बीये' म्हणायला लागला. डिग्री हातात यायला अजून तीन वर्षं होती, पण नाव मात्र मिळून गेलं.

त्या गोदामालाच तो स्टुडिओ म्हणायचा. आवाज घुमू नये म्हणून त्यानं बारदान्याच्या पोत्यांत धानाचं तणस भरून ती चारी भिंतींना लावली होती. तणसात चुकून राहिलेले दाणे असायचे. पावसाळ्यात गळक्या छपरातून पाणी झिरपलं की पोत्यांमधून हिरवे कोंब बाहेर यायचे. मी उपटायला गेलो तर म्हणाला, "राहू दे गा. आवाज आनखीन नरम होते." तांत्रिकदृष्ट्या हे खरं का खोटं, मला माहीत नाही. पण आमच्या स्टुडिओच्या भिंतीवर धान उगवायचं, एवढं मी पाहिलेलं आहे.

तिथं कोण कोण यायचं! ट्रॅक्टर चालवणारे पोट्टे, नर्सिंग शिकणाऱ्या मुली, दंडारीच्या लोकनाट्यात नाचणारा एक म्हातारा. ज्याला रॅप करायचा त्याच्यासाठी हा बीट बनवायचा. धानाची मळणी, बसच्या कंडक्टरची घंटी, शेताजवळच्या बोडीच्या पाण्यातले बेडूक, असलं काय काय पकडून आणायचा आणि त्याला ताल लावायचा. रॅप म्हणजे काय, हे तो डफावरच्या आमच्या लोकतमाशाचं नाव घेऊन एका वाक्यात सांगायचा: "आपली खडी गंमतच हाय, फक्त डफ कॉम्प्युटरात गेला." शिवी कुणालाही घालू द्यायचा नाही. आणि कुणीही असो, गाण्याच्या सुरुवातीला त्यानं स्वतःच्या तोंडानं नाव आणि गाव सांगितलंच पाहिजे. त्याशिवाय तो बटण दाबायचा नाही. एकदा एका आमदाराच्या माणसानं प्रचाराचं गाणं करून मागितलं, पण स्वतःचं नाव द्यायला तयार होईना. यानं त्याला चहा पाजून परत पाठवलं.

या हट्टामागं त्याचा बाप होता. बाप मिस्त्रीकाम करायचा आणि गायन पार्टीत गायचा. निळे झेंडे लागले की गावोगाव कार्यक्रम. एका कार्यक्रमाची कॅसेट निघाली. घरी आनंद झाला. कॅसेटच्या कव्हरवर मुख्य गायकाचं नाव छापलेलं, आणि खाली बारीक अक्षरात 'आणि पार्टी'.

"माहा बाप म्हंजे 'आणि पार्टी'," तो म्हणायचा. "दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं आख्खं त्याच्या आवाजात हाय. नाव नाई." बाप गेला, कॅसेट राहिली. ती वाजवायचं यंत्रही आता घरात नव्हतं. त्यानं आपल्या चॅनलचं नाव 'आणि पार्टी' ठेवलं होतं. त्याच्या रॅपमधल्या दोन ओळी अजून माझ्या तोंडात येतात:

"यष्टी आली, यष्टी गेली, थांबली तरी नाई,
माह्या गावाचं नाव लिव्हाले पाटीवं जागा नाई."

दिवाळी ते होळी तो झाडीपट्टीच्या नाटकात काम करायचा. वडशाच्या एका कंपनीत खलनायक. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की नाटक लागतंच, आणि लोक नाटक नुसतं पाहत नाहीत, मनाला लावून घेतात. त्यामुळं त्याचं बाजारात जाणं कठीण व्हायचं. एकदा मी सोबत होतो. वांगी विकणारी एक बाई उठूनच उभी राहिली.

"काऊन रे मुडद्या, त्या लेकुरवाळीले घराभायेर काहाडताना तुले काईच नाई वाटलं?"

तो हात जोडून म्हणाला, "चुकलं बाई."

"चुकलं म्हंते! आनि मंग बंदूक दाखवून गानं म्हनत होता ते?"

"ते बी चुकलं. आता वांगे देता का?"

"नाई देत. तिले घरात घे पयले."

आम्ही त्या दिवशी वांगी न घेता परतलो. तो खूश होता. वाटेत म्हणाला, "यापेक्षा मोठा इनाम हाय काय गा?"

सिनेमात मात्र त्याला असा इनाम कधी मिळाला नाही. बाहेरचे लोक जंगलात शूटिंगला आले की स्थानिक माणसं घ्यायचे. यालाही दोन-तीनदा घेतलं. एकदा तो परत आला तेव्हा कानामागं काळा रंग तसाच राहिलेला. मी विचारलं, हे काय?

"ते म्हनले, तुमी जंगलातले वाटत नाई. म्हनून फासलं."

"आणि पात्राचं नाव?"

"गाववाला तीन."

हसला नाही. बादलीत तोंड बुडवून बराच वेळ घासत राहिला.

आता मला जे लिहायचं आहे तिथं यावं लागेल. इकडचं तिकडचं सांगून मी ते लांबवतो आहे, हे माझ्या लक्षात आलं आहे.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाल्यावर तो माझ्यासोबत माझ्या गावाला आला. मोहाची फुलं पडायचे दिवस होते. माझा बाप मी बारावीत असताना वारला होता. घरी बापाची बहीण, माझी आत्या. ती अंगणात मोह वाळत घालत होती. तिला मराठी फारसं यायचं नाही, म्हणून त्यानं तिच्यापुढं मशीन ठेवून माझ्याकडून सांगायला लावलं: पयले नाव, मंग गाव, मंग जे मनात येईल ते गाणं. गाणं लोकांपर्यंत जाईल, हेही सांगायला लावलं.

आत्यानं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि गायली. गाणं संथ होतं, खालच्या आवाजातलं, एकेक ओळ जमिनीवर ठेवल्यासारखी. त्याच्या अंगावर काटा आलेला मला दिसला.

"काय गाणं हाय गा हे?" त्यानं मला विचारलं.

घरातली रोजची बोली मला येते. पण हे शब्द जुने होते. सहाव्या वर्षापासून मी आश्रमशाळेत. कोणतं गाणं कधी म्हणतात, हे शिकायचं जे वय असतं, त्या वयात मी पाढे शिकत होतो. मला ते गाणं माहीत नव्हतं. आणि मी गावचा पहिला कॉलेजात जाणारा, माझ्याच अंगणात, माझ्याच आत्याचं गाणं, एका पाहुण्यासमोर 'माहीत नाही' म्हणणार? समोर मोह पसरलेला होता.

"मोह वेचतानाचं आहे," मी म्हटलं.

आत्या तीन हातांवर बसलेली होती. तिला विचारायला एक वाक्य पुरलं असतं.

त्यानं त्या गाण्यावर पावसाळाभर काम केलं. मोह पडल्याचा आवाज ताल म्हणून घेतला, मध्ये स्वतःचा रॅप घातला. दिवाळीला चॅनलवर टाकलं. वर आत्याचं नाव, गावाचं नाव, आणि माझ्या सांगण्यावरून 'मोहाचं गाणं'. पुढचं मी काही महिने फक्त बघत राहिलो. वडशापासून सिरोंच्यापर्यंत पोट्ट्यांच्या फोनवर तेच. मग लग्नसराई आली आणि डीजेवाल्यांनी त्याचा वेग वाढवून वरातीत वाजवायला सुरुवात केली. माझ्या कॉलेजात माझा भाव वाढला. मी सगळ्यांना सांगायचो, माझी आत्या आहे ती.

मुंबईहून फोन आला. सिनेमासाठी गाणं पाहिजे होतं, आणि त्याच सिनेमात त्याला काम. मी गोदामात शिरलो तेव्हा तो पोत्याच्या भिंतीला टेकून उभा होता.

"बीये, पात्राले नाव हाय गा! आख्खं नाव. आडनावासकट."

होळीच्या आधी एका दुपारी आत्या ब्रह्मपुरीला आली. आयुष्यात पहिल्यांदा. आदल्या दिवशी निघून आलापल्लीला नातलगाकडे थांबली, तिथून गडचिरोली, तिथून विचारत विचारत गोदाम. हातातल्या पिशवीत माझ्यासाठी चारोळी. त्यानं घाईनं खुर्ची आणली. ती खाली बसली. पाणी प्यायली आणि मला आमच्या बोलीत म्हणाली, "ते गाणं लाव."

त्यानं तिच्या कानाला हेडफोन लावले. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि माझ्याशी बोलली. ती काय बोलली ते मला त्याला सांगावं लागलं, आणि या वेळेस मी खरं सांगितलं.

आमच्यात माणूस गेला की काही काळानं त्याच्या नावाचा दगड उभा करतात. सोयरे जमतात, जेवण असतं, मुलगा असेल तर दगडाला त्याचा हात लागावा लागतो. दगड उभा राहतो त्या वेळी म्हणायचं ते गाणं. माझ्या बापाचा दगड अजून उभा झाला नव्हता. दोनदा निरोप आला होता. एकदा माझी परीक्षा होती, एकदा मी परीक्षा आहे असं कळवलं होतं.

"भावाचा दगड राहिला आहे, म्हणून मी तुझ्यासमोर ते गायले," आत्या म्हणाली. "म्हटलं, शिकलेला आहे, समजेल. तू मशीन थांबवलं नाही, मला वाटलं तू समजून काही ठरवलं असशील. आता बाजारात, लग्नात लोक त्याच्यावर नाचतात. दगड लागायच्या आधी नाच झाला. तू लवकर ये. एवढंच सांगायला आले."

गाणं काढून टाका, असं ती म्हणाली नाही. एकदा बाहेर गेलेलं गाणं परत आणता येतं, हे तिला माहीत नव्हतं.

त्याची बोटं नेहमी कशावर तरी वाजत असायची. ती थांबली.

"तुले माईत होतं?"

"नाई."

"मंग मोहाचं काऊन सांगितलं?"

"माईत नाई म्हनाची लाज वाटली."

त्यानं गाडीची किल्ली उचलली. आत्याला स्वतःच्या गाडीवर बसवून स्टँडवर सोडून आला.

त्यानं गाणं लगेच काढलं, असं मी सांगणार नाही. तीन दिवस ते तसंच होतं. तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मुंबईच्या माणसाशी मात्र फोनवर बोलायचा आणि मी गादीवर पडून ऐकायचो. पलीकडचा माणूस मोठ्यानं बोलणारा होता.

"अरे भाई, वो आंटी वाला पार्ट हम इधर किसी से गवा लेंगे. बोल बदल देंगे. ट्यून तो किसी की नहीं है ना?"

"सोचके बताता जी," हा म्हणायचा.

तिसऱ्या दिवशी नाटक करून सकाळी परतला. तोंडावरचा रंग नीट निघालेला नव्हता. तसाच कॉम्प्युटरपुढं बसला. मुंबईला फोन लावला आणि म्हणाला, "आवाजाचं नाई अडलं जी, गाणंच अडलं. नाई देता येत." पलीकडचा पात्राबद्दल काहीतरी बोलला. गाणं नाही तर पात्र नाही, असं असावं. "हाव. समजलं," म्हणून यानं फोन ठेवला. मग चॅनल उघडलं. नक्की काढायचं का, असं तिथं विचारत होतं. त्यानं हो म्हणून दाबलं.

मग तीन दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळला.

"बापाचं नाव लिव्हलं नाई म्हनून मी जलमभर बोंबललो. या बाईचं नाव लिव्हलं, गाव लिव्हलं, आनि गाणं कशाचं हाय ते इचारलंच नाई."

"मला विचारलं होतं भाऊ," मी म्हटलं. सगळा दोष त्यानं स्वतःवर घेऊ नये, एवढीच माझी इच्छा होती.

"तुले इचारलं. तिले नाई."

मी माझी गादी गुंडाळायला लागलो.

"गादी कायले उचलतं? काम हाय तुह्यं."

काम असं होतं. चॅनलवरून गाणं गेलं तरी डीजेवाल्यांच्या पेन ड्राइव्हमध्ये ते होतंच. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली तसा तो मला गाडीवर मागे बसवून निघाला. ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी. खिशात एक पेन ड्राइव्ह, त्यात त्यानं बनवलेले नवे नाचाचे बीट. डीजेवाल्यानं आत्याचं गाणं त्याच्यासमोर पुसायचं, बदल्यात हे बीट घ्यायचे. आणि गाणं का पुसायचं, ते मी सांगायचं.

आरमोरीला पहिला डीजेवाला भेटला. मी सांगायला लागलो, की थोडी गैरसमजूत झाली, माहिती नीट मिळाली नव्हती.

यानं मला मधेच थांबवलं. "असं नाई. पयले नाव, मंग गाव, मंग चूक."

मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. म्हटलं, हे आमच्यातलं दगड उभा करतानाचं गाणं आहे, मला माहीत नव्हतं, मी माहीत असल्यासारखं खोटं सांगितलं.

"गाव हळू घेतलं," तो म्हणाला. "परत घे."

डीजेवाला पोट्टा आमच्या दोघांकडे पाहत राहिला. "भाऊ, लोक गाणं वाजवा म्हनून मांगं लागतात. तुमी पयले भेटले पुसा म्हननारे." पण पुसलं त्यानं.

किती ठिकाणी मी ते सांगितलं, मोजलं नाही. सुरुवातीला कान गरम व्हायचे. शिकलेल्या माणसाला चूक लिहून देता येते, चार लोकांत तोंडानं सांगता येत नाही, हे मला तेव्हा समजलं. गाडीवर आम्ही बोलत नव्हतो. तो हँडलवर बोटं वाजवत नव्हता, हे मला मागून दिसायचं.

चामोर्शीच्या पलीकडे एका गावात भर दुपारी वरात निघालेली आणि तेच गाणं चालू. हा गाडी टाकून डीजेच्या वाहनापुढं जाऊन उभा राहिला. लोकांनी ओळखलं.

"अगा, हा तं नाटकातला! खलनायक! लगन मोडाले आला रे!"

हशा पिकला. नाचणाऱ्या एकानं याला बाजूला ढकललं. तो पडला, उठला, परत तिथंच उभा. नवरदेवाचा मामा पुढं आला, डोक्याला फेटा. "काय तरास हाय भाऊ तुमाले?"

यानं माझ्याकडे बोट केलं. डीजेवाल्याकडून माइक घेऊन माझ्या हातात दिला. समोर सगळी वरात. घोड्यावर नवरदेव, बायका, म्हातारे. मी नाव सांगितलं. गावाचं नाव सांगितलं, आणि ते भोंग्यातून एवढं मोठं निघालं की मलाच दचकायला झालं. मग चूक सांगितली.

कुणी हसलं नाही. मामानं फेटा सारखा केला. "म्हंजे आमी मौतीच्या गाण्यावर पोराले नाचवून राह्यलो होतो?"

"तुमाले माईत नव्हतं जी," हा म्हणाला. "चूक आमच्याकडली हाय."

"मंग आता वरात काय मुकी नेऊ?"

तेव्हा त्यानं माइक घेतला आणि कॉम्प्युटर नाही, बीट नाही, नुसत्या डफड्यावाल्याला सोबत घेऊन मांडवाच्या दारापर्यंत रॅप म्हणत गेला. नवरदेवाचं नाव, नवरीचं नाव, दोघांची गावं, मामाचा फेटा, सगळं जागच्या जागी जुळवून. आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्याच्या कोपराला खरचटलं होतं. पंगतीत बसल्यावर तो, आत्या येऊन गेल्यापासून पहिल्यांदा, साधं काहीतरी बोलला: "वरन मस्त हाय. घे."

ते गाणं सगळीकडून गेलं असं नाही. कुणाच्या तरी फोनमध्ये असेलच. सिनेमाही पुढं आला. ते पात्र दुसऱ्या कुणी केलं. आम्ही दोघांनी जाऊन पाहिला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "बरं केलं त्यानं. गावाचं नाव तेवढं चुकीचं बोलला." तो आजही होळीपर्यंत खलनायक असतो आणि उरलेलं वर्ष त्या गोदामात. मी तालुक्याच्या कचेरीत नोकरीला आहे. दाखला मागायला कोणी आलं आणि गावाचं नाव पुटपुटलं, की मी लेखणी थांबवतो आणि परत विचारतो.

बापाचा दगड आम्ही त्याच उन्हाळ्यात उभा केला. माझा निकाल लागायच्या आधी. त्याला मी बोलावलं नव्हतं, तोंडच नव्हतं. तो स्वतःहून आला, हेमलकशापर्यंत बसनं आणि पुढं चालत. हातात मशीन नव्हतं. सोयरे जमलेले, सगळे एकमेकांना ओळखणारे, हा एकटाच परका. आत्या त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि माझ्याकडून तिनं विचारायला लावलं: नाव काय, गाव काय?

इतकी वर्षं सोबत राहून मी त्याचं पूर्ण नाव कधी ऐकलं नव्हतं. त्यानं ते सांगितलं. स्वतःचं, मग बापाचं, मग आडनाव, मग गाव. बापाच्या नावाशी थोडा थांबला. आत्यानं मान हलवली आणि त्याला माणसांत बसायला जागा दिली.

आम्ही दगड उचलला. माझा हात लागला. दगड उभा राहिला आणि आत्या गायली. मी मागे वळून पाहिलं. तो मांडी घालून बसला होता आणि दोन्ही हात त्यानं मांडीखाली दाबून धरले होते, बोटं हलू नयेत म्हणून.

जेवणं झाल्यावर तो माझ्याजवळ आला.

"आता सांग. काय म्हंते ते गाणं?"

मला जेवढा अर्थ लागला तेवढा सांगितला. तू इथं बस. वाट विसरू नको. घराचं दार आम्ही तुझ्याकडे तोंड करून ठेवलं आहे. मग थांबलो.

"चार शब्द मले नाई समजत," मी म्हटलं.

"मंग?"

"इचारतो."

आत्या भांडी गोळा करत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि ते चार शब्द एकेक करून विचारले. तीन तिनं सांगितले. चौथ्यापाशी तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं, थोडा विचार केला आणि म्हणाली, "याचा मलाही माहीत नाही. माझ्या आईलाही माहीत नव्हता." असं म्हणून तिनं पुन्हा भांडं उचललं. तिला त्याची काहीच लाज वाटली नव्हती.